कडेची माणसं

“हीसुद्धा खोटारडी निघाली,” असं म्हणत प्रज्ञेशने कॅमेऱ्याची आणखी एक बॉडी काउंटरवर ठेवली.

बाजीराव रस्त्यावरच्या त्या दुकानाचे मालक लिमये चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिले. “खोटं बोलायला तोंड लागतं हो. बॉडीला ते नसतं,” ते म्हणाले. “आपल्याला नेमकं काय कमी पडतंय, ते तरी कळू द्या.”

प्रज्ञेशने सांगितलं. वारज्यात त्याचा स्टुडिओ होता आणि लग्नाचे फोटो काढण्यात त्याचे केस पिकायला आले होते. पण गेल्या वर्षभरात त्याच्या कॅमेऱ्यांना काहीतरी झालं होतं. डोळ्याला व्ह्यूफाइंडर लावला की फ्रेम स्वच्छ दिसे. फोटो उघडून पाहावा, तर कडेला चपलांचा ढीग, खरकटी ताटं नेणारा वाढपी, नाहीतर लाइटचा स्टँड उगवलेला. आणि जी माणसं पुरती यायला हवीत, ती अर्धी कापलेली. काही जुन्या बॉड्यांचे व्ह्यूफाइंडर कडेचा थोडा भाग खातात, हे धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणून त्याने बॉडी बदलली. मग लेन्स बदलून वाइड घेतली, म्हणजे माणसं काठावरून जरा आत सरकतील. तरी रड तीच.

येरवड्यातल्या लग्नात तर कहर झाला. वधूवरांवर फुलांचा वर्षाव चालला होता आणि वधूचे वडील बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. अल्बममध्ये त्यांचा एक कान आणि अर्धा खांदा तेवढा आला. मुलीने फोन केला. भांडली नाही. “दादा, अल्बम छान झालाय,” म्हणाली, आणि मग अगदी हळू आवाजात, “पण माझे पप्पा कुठेयत?”

प्रज्ञेशने खापर फोडलं ते भीमरावच्या डोक्यावर. भीमराव त्याचा भागीदार. लाइट तो सांभाळायचा. वडिलांच्या जागी फोटोत त्याचाच स्टँड उभा होता. “मी तुला हात करून दाखवत होतो,” भीमराव पुन्हा पुन्हा सांगत राहिला. “तू बघूनही बघितलं नाहीस.” प्रज्ञेश नको ते बोलून गेला. भीमरावने लाइट गाडीत भरले आणि तो गेला, तो परत फिरकला नाही. धंद्याच्या पहिल्या दिवसापासून सोबत असलेला माणूस.

आता लग्नसराई तोंडावर आली होती. प्रज्ञेश धास्तावला होता. फोटो काढण्याखेरीज दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि तेच हातातून निसटत होतं. आज खात्रीची बॉडी आणि खात्रीची वाइड ठरवल्याशिवाय घरी जायचं नाही, असं तो बायकोला, पूर्वाला, सांगूनच निघाला होता. स्कूटर तिनेच चालवत आणली, आणि ती त्याच्या मागोमाग दुकानातही आली होती. हल्ली रहदारीचा वैताग येतो, म्हणून त्याने गाडी चालवणं सोडलं होतं. दारांच्या चौकटींनाही खांदा लागायचा त्याचा. वजन वाढलंय, असं तो म्हणे.

“ही घ्या,” लिमयांनी कपाटातून नवी बॉडी काढली आणि दुकानातली सगळ्यात वाइड लेन्स तिच्यावर चढवली. “यात दिसतं तेवढंच कार्डावर उतरतं. शंभर टक्के. यातही खोट निघाली, तर मग नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची आम्हाला मुभा द्या.”

प्रज्ञेश हसला नाही. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. समोर लिमये, त्यांच्या मागे लेन्सनी भरलेलं काचेचं कपाट. बाकी कुणी नाही. फ्रेम स्वच्छ. त्याने बटण दाबलं.

लिमयांनी फोटो मोठ्या स्क्रीनवर घेतला. प्रज्ञेशने तो इकडून तिकडे नीट न्याहाळला आणि त्याचं डोकंच फिरलं. डाव्या कडेला पूर्वा उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत पुरती.

“फ्रेममध्ये कशाला आलीस?” तो ओरडला.

“मी आले नाही,” पूर्वा म्हणाली. “मी आधीपासून तिथेच होते. तुम्ही कॅमेरा उचललात तेव्हाही.”

लिमये काही तरी खोचक बोलणार होते, ते थांबले. त्यांनी कॅमेरा स्वतःच्या डोळ्याला लावला, मग पूर्वा उभी होती तिकडे पाहिलं, मग प्रज्ञेशकडे. कॅमेरा त्यांनी हळूच खाली ठेवला. त्यांच्या आवाजातली धार गेली होती.

“लेन्सचं राहू द्या घटकाभर,” ते म्हणाले. “नुसते माझ्याकडे बघा. माझ्या चष्म्याकडे. नजर हलवायची नाही. बघताय ना?”

“बघतोय की.”

लिमयांनी पूर्वाला हाताने खूण केली. ती पाऊल न वाजवता प्रज्ञेशच्या बाजूला येऊन उभी राहिली.

“आता सांगा, बाईसाहेब कुठे आहेत?”

प्रज्ञेशची नजर चष्म्यावरच होती. दुकानात त्याला लिमये दिसत होते आणि त्यांच्या मागचं कपाट. फ्रेम स्वच्छ होती.

“बाहेर गेली वाटतं,” तो म्हणाला. “मी ओरडलो, त्याचा राग आला असेल तिला.”

त्याच्या शेजारून, अगदी हातभर अंतरावरून, पूर्वाचा आवाज आला.

“अहो, मी इथेच आहे.”