न वाचलेलं उत्तर

केतकीनं एंटर दाबताच पडद्यावर ओळी भराभर सरकल्या, प्रत्येक ओळीत एकेका कातकरी गोष्टीचं नाव. तिनं सर्व्हरला आधी रद्दीच्या फोल्डरमध्ये जायला सांगितलं होतं, मग तिथलं सगळं पुसायला. पण रद्दीचं फोल्डर सकाळीच कुणीतरी काढून टाकलं होतं. ‘असं फोल्डर नाही,’ असं सर्व्हरनं कळवलंही होतं, वाचतंय कोण! तो बिचारा होता तिथंच राहिला, कातकरी गोष्टींच्या फोल्डरमध्ये, आणि पुसायचा हुकूम त्यानं तिथंच चालवायला घेतला.

पाड्यापाड्यांवर फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या चाळीस गोष्टी. दुसरी प्रत नाही. सांगणाऱ्यांतली निम्मी माणसं आता हयात नाहीत.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. पाणी प्यायला घेतलं, ते ओढणीवर सांडलं. शेवटी सर्व्हर सांभाळणाऱ्या वर्तककाकांच्या टेबलापाशी गेली. “काका, मी सगळ्या गोष्टी पुसल्या.”

“सर्व्हर काय म्हणाला?”

“म्हणजे?”

“अगं, प्रत्येक हुकमाला तो उत्तर देतो. वाचलंस का?”

ती धावत परतली. पडद्यावरच्या ओळी मागं नेल्या. चाळीसच्या चाळीस ओळींत एकच उत्तर होतं: परवानगी नाही.

“तुझ्या लॉगिनचा पुसायचा हक्क मी काढून घेतलाय,” मागून आलेले काका म्हणाले. “काल तेच सांगत होतो, तर तू ‘नंतर, काका’ म्हणून निघून गेलीस.”

तिनं पुन्हा कीबोर्डवर हात ठेवले.

“आणखी एक सांगायचं होतं,” काका म्हणाले.

केतकीनं कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.