पाळण्यावरचा पंखा

"सर, दुसरं कोणी नाही का मिळणार?" पूनमनं विचारलं.

सिद्धराम सरांनी हातातला फोन खाली ठेवला. गेले आठ दिवस हीच बाई कडेवर बाळ घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्याकारखान्यांतून पंखे मागत फिरत होती. एका मालकानं चहा पाजला, एकानं दोन टॉवेल दिले, बाकीच्यांनी दिवाळीनंतर या म्हटलं. आणि आता माढ्याचे रावजी नावाचे कुणी बागायतदार आपणहून चार पंखे देत होते, तर हिचा पाय मागे.

"नको नाही म्हणत," पूनम म्हणाली. "पण पात्यापात्यावर त्यांच्या मुलीचं नाव, त्याआधी कैलासवासी. वर मेलेल्या पोरीचं नाव आणि खाली लेकरं. बरं नाही वाटत."

सर हसले. ते निवृत्त मुख्याध्यापक. वस्तीतला हा अभ्यासवर्ग त्यांच्याच संस्थेचा.

"आमच्या शाळेतलं घड्याळ, बाकं, पाण्याची टाकी, सगळं कैलासवासीच होतं," ते म्हणाले. "पोरं तरी धडधाकट बाहेर पडली की."

पूनमनं फळा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

मार्च संपत आला होता. अकरा वाजले की वर्गाचा पत्रा तापायचा आणि मुलांच्या वह्यांवर घामाचे ठिपके पडायचे. मागच्या एप्रिलमध्ये मुलं एकेक करून गळाली होती. जूनमध्ये बाकीची परतली, तीन मुली नाही परतल्या. त्या टॉवेलच्या घड्या घालायला जाऊ लागल्या होत्या. त्यांच्या वह्या पूनमनं अजून कपाटात जपून ठेवल्या होत्या. यंदा नऊ वर्षांच्या संस्कृतीची आई आत्तापासूनच विचारत होती, उन्हाळ्यात वर्ग नसेल तर पोरीला कामाला लावू का. संस्कृतीला जोडाक्षरं नुकती कुठं जमायला लागली होती.

"कशानं गेली ती मुलगी?" पूनमनं पाठमोरीच राहून विचारलं.

सरांनीही तेच विचारलं होतं. फोनवर रावजींच्या मंडळी होत्या, गोजरबाई. त्या एवढंच म्हणाल्या की चार वर्षं झाली, आणि नाव घालायचं ह्यांनी ठरवलंय. वर्गाचा पत्ता त्यांना पेपरातल्या फोटोवरून लागला होता.

फोटो मागच्या आठवड्यात आला होता. फळ्यापाशी पूनम, समोर मुलं, कोपऱ्यात बाळाचा पाळणा. पूनमच्या सासूनं, म्हाळसाबाईंनी, तो कापून भिंतीला चिकटवला होता आणि गल्लीतल्या प्रत्येकाला आत बोलावून दाखवला होता. "कोर्टातनं लगीन करून आली. वाजंत्री न्हाय, काय न्हाय. पर नवं नाव मी ताटात तांदूळ पसरून लिवलं. बगा, पेपरात छापून आलं की."

"आणखी एक," सर म्हणाले. "एक पंखा पाळण्याच्या कोपऱ्यात बसवा म्हणाल्या. पत्र्याखाली लेकराला घामोळं येतं म्हणे. मालकांना हे सांगू नका, असंही म्हणाल्या. काय एकेक माणसं असतात."

पूनमनं डस्टर खाली ठेवलं.

"घेऊ या, सर," ती म्हणाली.

पण पुढचे चार दिवस तिचा पाय एका जागी ठरला नाही. पेंटरनं बारा पाती रंगवली आणि अक्षरं तपासायला तिला बोलावलं. तिनं नजरही न टाकता बरोबर आहे म्हणून सांगितलं. घरी बाळाचे धुतलेले कपडे तिनं परत धुतले. म्हाळसाबाई म्हणाल्या, "कार्यक्रम पंख्याचा हाय का तुज्या लग्नाचा? बस की जरा."

शनिवारी संध्याकाळी तिनं सरांना निरोप पाठवला. बाळाला दात येताहेत, अंग तापलंय, उद्याचं तुम्हीच बघा. तिचा नवरा बिरुदेव कापडाच्या मागावरून घरी आला, त्यानं बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.

रविवारी सकाळी पांढरी गाडी वस्तीत आली. पूनमनं ती घराच्या खिडकीतून पाहिली. तासाभरानं गाडी गेल्याचं पाहिलं, आणि मगच बाळाला उचलून ती वर्गात आली.

सर खुशीत होते. रावजींचा टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार झाला होता. माणूस कमी बोलणारा. मान वर करून बराच वेळ पात्यांकडे बघत राहिले, अक्षर चांगलं आलंय म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. गोजरबाई मात्र पाणी प्यायच्या निमित्तानं मागे राहिल्या. पाळण्यात हात फिरवून बघितला, पिशवीतून एक दुपटं काढून आत अंथरलं.

"जाताना म्हणाल्या, हा कोपऱ्यातला पंखा बंद पडला तर फोन मला करा, ह्यांना नको," सर म्हणाले. "आणि तुमच्या बाईंना सांगा, दुपटं जुन्या लुगड्याचं आहे, टोचणार नाही."

सर कुलूप आणायला गेले. पूनमनं बाळाला त्या दुपट्यावर ठेवलं. दुपट्याचं टोक तिनं नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

संस्कृती दारातून आत आली. तिला वरचं वाचायचं होतं, पण पाती फिरत होती. तिनं बटण बंद केलं. पंखा हळूहळू थांबत आला, तशी अक्षरं दिसू लागली. संस्कृतीनं बोट वर धरून एकेक जुळवलं. पहिला लांबलचक शब्द तिनं सोडून दिला, पुढचा मात्र न अडखळता जमला.

"वै-ष्ण-वी," ती म्हणाली. "ताई, ही वैष्णवी कोण व्हती?"

बाळ घामेजलं होतं. पूनमनं पदरानं त्याचं कपाळ टिपलं, उठून पंखा पुन्हा सुरू केला आणि पात्यांवरचं नाव दिसेनासं होईपर्यंत वर बघत राहिली.

"मी," ती म्हणाली.