आजवरचं सगळ्यात भारी इंजिन

माकणीत शिवप्रियाची पाठवणी चालली होती आणि मंडपाबाहेर आम्ही तिघं मित्र आजवरचं सगळ्यात भारी इंजिन ठरवत होतो. मी म्हणालो, क्वालिसचं. रणधीर म्हणाला, "येडा झाला का? स्विफ्ट डिझेल!" सिद्धारामचं सगळं लक्ष नवरदेवाच्या जुन्या, फुलं लावलेल्या जीपकडं होतं.

मागच्या उन्हाळ्यात शिवप्रियानंच सिद्धारामला सांगितलं होतं, "एकदा माझ्या अप्पांना आपल्या लग्नाचं विचार." हा हिंमत करून अप्पांकडं गेला आणि त्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारून परत आला.

नवरी रडत रडत जीपमध्ये बसली. ड्रायव्हरनं चावी फिरवली. जीप एका झटक्यात चालू झाली आणि धूळ उडवत उमरग्याच्या रस्त्याला लागली. सिद्धाराम ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"आता तरी बोल की मर्दा," रणधीर म्हणाला, "तुझं मत कुणाला?"

"ह्या जीपला."

"ह्या खटाऱ्याला? हिच्यापरीस उसाचा ट्रॅक्टर बरा! लई मनाला लावून घेऊ नको सिद्ध्या."

"मनाचं न्हाय रे, इंजिनाचं बोलतोय," सिद्धाराम म्हणाला. "आजचा शिरा अगोड लागला का न्हाय तुला? त्यातली पाच किलो साखर म्या सकाळीच जीपच्या टाकीत वतली व्हती. दुसरं कसलंबी इंजिन जाग्यावर बसलं असतं."

"मग?"

"तरी गेली."