परीक्षेच्या रोट्या

समरकंदच्या बेकरीवाल्याने कामावर घेण्याआधी मोहिराची परीक्षा ठेवली. लग्नघरच्या सगळ्या रोट्या तिने एकटीने तंदुरात लावायच्या.

"अगं, दर लग्नाला याची परीक्षाच असते," पीठ मळणारी हाफिजा कुजबुजली. "आजवर एकही पास झालेली नाही. फुकट राबवून घेतो मेला."

"ठाऊक आहे, आपा." मोहिरा हसली आणि रोट्या थापत राहिली.

हाफिजाला तिची कीव आली. मग पहिल्या रोट्या बाहेर निघाल्या आणि ती बघतच राहिली. मधोमध जिथे नक्षीचा ठसा मारतात, तिथे मोहिराचं नाव आणि फोन नंबर खणखणीत उमटले होते.

मालकाची चाहूल लागताच हाफिजाने टोपलीवर चादर ओढली.

"लग्नघरी पोचल्यावरच उघडा हं, मालक. वाटेत गार पडतील."