शंभर मीटरचा ताका

"इंदुताई, आज फक्त देवाचं बोला हं," बुक्क्याचं ताट पुढे करत मंडळाचे अध्यक्ष बाबुराव पुटपुटले. "शाळेचं काढू नका. मंडप हितेशभाईंनी दिलाय."

"मंडप त्यांचा असेल, गादी नारदाची आहे," म्हणत इंदुबाईंनी कपाळी बुक्का लावला, पदर खोचला आणि कीर्तनाला उभ्या राहिल्या.

रविवारची दुपार. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत निम्मी माणसं भिंतींमागे कापडाचे लूम चालवत होती, निम्मी मंडपात बसली होती. पुढच्या खुर्चीत नगरसेवकाचा माणूस, हितेशभाई. त्यांनी आणलेलं रजिस्टर बायकांच्या रांगेत फिरत होतं. गल्लीतली मराठी शाळा बंद करायला आमची हरकत नाही, मुलं रुळांपलीकडच्या शाळेत जातील, असं वर छापलेलं. सरकारला खर्च झेपत नाही म्हणे. खाली पालकांची सही, नाहीतर अंगठा.

पूर्वरंग संपला. इंदुबाईंनी लखनला मृदंग थांबवायची खूण केली आणि मागून कापडाचा ताका पुढे ओढला. एरवी आठवडाभर त्या लूमच्या कारखान्यात ताक्यांच्या घड्या घालत. हा डागी निघालेला, मालकाकडून मागून आणला होता.

"धुरपदाबाई, धरा टोक. द्या मागे."

कापड हातोहात निघालं. मांड्यांवरून, लेकरांच्या डोक्यांवरून, पुरुषांच्या रांगेतून वळून परत आलं. मंडपभर कापडच कापड.

"शंभर मीटर. ही समजा देशाची वर्षाची सगळी कमाई. यातून सरकार शाळा-शिक्षणाला किती देतं?" त्यांनी हातानं चारेक मीटर मोजले आणि टर्रकन फाडले. "एवढं."

"माय वं, इतलंसंच?" धुरपदाबाई म्हणाल्या.

"आता शेजारी चला. भूतान. डोंगरातला देश. त्याच्या शंभरातून सहाच्या आसपास." पुन्हा टर्रकन आवाज झाला. दोन्ही तुकडे त्यांनी गादीपुढे शेजारी शेजारी पसरले.

हितेशभाई हसले. "अरे इंदुबेन, भूतान म्हणजे केवढं? आपल्या सुरतमध्ये दहा मावतील!"

"तेच तर सांगते, भाई. त्याचा ताका लहान, तरी लेकरांना त्यानं त्यातला मोठा वाटा दिला. आपला ताका केवढा थोरला! आणि कात्री लावायला आपल्याला पोरांचंच कापड सापडतं?"

मंडपात हशा पिकला. हितेशभाई हसायचे थांबले.

इंदुबाईंनी चार मीटरचा तुकडा उचलून छातीशी धरला. "पांडुरंगानं लेकरं पदरात घातली ती अंगठे देऊन उघडी पाडायला नाही. यातला एक धागासुद्धा मी सोडायची नाही. तुम्ही सोडाल?"

"नाही!" दोन मुलींची आई रूपाली सगळ्यांत आधी ओरडली. रजिस्टर तिच्यापर्यंत आलं होतं. तिनं ते मिटलं आणि मांडीखाली सारलं.

"बाबुराव," हितेशभाई उठून उभे राहिले, "माईक बंद करा."

बाबुराव उठले. सगळ्या मंडपाच्या नजरा त्यांच्या पाठीवर. खाली मान घालून ते ॲम्प्लिफायरपाशी गेले, वाकले. इंदुबाई गादीवरून हलल्या मात्र नाहीत.

भोंगा एकदम किंचाळला. बाबुरावांनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं होतं.

"ताई," घाम पुसत ते म्हणाले, "परत सांगा. लूमवाल्यांना ऐकू गेलं नाही."