एकशेवीस तास

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीसाठी एकशेवीस तासांचे कामाचे प्रशिक्षण सक्तीचे केले. रूपाला एकाही कारखान्यात जागा मिळाली नाही, तेव्हा महाविद्यालयाने चौक गावाजवळ जुन्या महामार्गावर असलेला तिच्या आईचाच ढाबा मान्य केला. तास भरल्यावर महाविद्यालयाचे जितेश सर मूल्यमापनाचा कागद घेऊन आले. पन्नासपैकी गुण ढाब्याच्या मालकिणीने, म्हणजे चंद्रभागेने, द्यायचे होते.

“शून्य लिवा, सर.”

“मावशी, हिच्या हातच्या भाकरीसाठी टेंपोवाले वाट वाकडी करून येतात.”

“म्हनूनच. चांगलं लिवलं, तर ती हितंच राहील. माज्या हातानं तिला चुलीला बांदू का? नापास झाली, की कॉलेजच सांगंल, हे काम तुजं नाय.”

“आये, मला इचार तरी,” रूपा म्हणाली.

“तू गप गं. तुला हापिसात बसायचंय.”

नापास झाल्यावर पुढे काय, हे सांगणारी प्रशिक्षणाची नियमावली अजून विद्यापीठाकडून यायची होती, त्यामुळे सरांनीही फार आग्रह न धरता शून्य लिहिले. चंद्रभागेने मुलीने शिकवलेली सही सावकाश, एकेक अक्षर जपत केली.

महिन्याभराने नियमावली आली आणि पाठोपाठ महाविद्यालयाचे पत्र. रूपाने ते आईला वाचून दाखवले. प्रशिक्षणात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने सर्व तास त्याच ठिकाणी पुन्हा पूर्ण करावेत. त्याशिवाय पदवी मिळणार नाही.

“किती तास म्हनलीस?”

“एकशेवीस.”

चंद्रभागा चुलीपुढून बाजूला सरकली.