जेवणारी बाई

"आई, पुढे ये. हिच्याकडे नीट बघ," तुषार कुजबुजला. अमेरिकेतल्या त्या म्युझियममध्ये सगळेच कुजबुजत होते. मिरजेच्या देवळातसुद्धा कोणी एवढं हळू बोलत नाही, असं प्रमिलाबाईंच्या मनात आलं.

चित्र १९३०च्या मंदीतलं होतं. खाणावळीत एक हॅटवाली बाई एकटीच जेवत बसली होती. प्रमिलाबाईंनी आधी तिच्यापुढे काय वाढलंय ते पाहिलं. सूप होतं, पाव होता, वर केकचा तुकडाही होता. मंदी बरीच खाऊनपिऊन सुखी होती म्हणायची!

"समोरची खुर्ची रिकामी आहे, बघितलंस?" तुषारने खिशातून रुमाल काढला. "एक शब्द बोलायला कुणी नाही गं तिला. मी दर वेळी इथे येऊन रडतो."

लेकाचं मन इतकं हळवं आहे, याचा प्रमिलाबाईंना महिनाभरात पत्ता लागला नव्हता. महिनाभर त्याच्या ऐसपैस टेबलावर त्या दोन्ही वेळा एकट्याच जेवत होत्या. सून कामात, लेक मीटिंगमध्ये.

तुषारने डोळे टिपले, मग घड्याळ पाहिलं. "चल, तुला घरी सोडतो. फ्रीजमधला भात गरम करून घे. मला मित्रांबरोबर जेवायला जायचंय."

"हो रे बाबा," म्हणून त्या निघाल्या, पण दारातून पुन्हा चित्राकडे वळल्या आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"नशीब काढलंस हो बाई! तू एकटी जेवतेस, ते बघायला माझा लेक तिकीट काढून येतो."